कोल्हापुरात आखडलेला क्लच

कोल्हापूरला जाऊन आलं की आमच्या रत्नागिरीकडची माणसं तीन प्रश्न हमखास विचारतात. दर्शन झालं का, चपला आणल्यात का आणि रस्सा झेपला का. तिन्हींची उत्तरं एका दमात देऊन टाकते. दर्शन छान झालं, चपला आणल्या पण चावतात, आणि तांबडा रस्सा मला झेपला नाही, पांढऱ्यावर मात्र मी तीनदा हात मारला. मला सांगायचं आहे ते आमच्या गाडीच्या क्लचबद्दल आणि दस्तगीर मिस्त्री नावाच्या माणसाबद्दल. त्यांचे आभार मानायचे तेव्हा माझ्या तोंडातून नुसतं "बरं हं, येते" एवढंच निघालं. बाकीचं इथे लिहिते.

आधी आमची ओळख. मी चौतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात जवळजवळ गेलाच, डावा पाय ओढत चालतात, आणि शब्द जिभेवर यायला वेळ लागतो. गाडी हेच चालवायचे. ती वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथे सगळी कॉलेजची पोरं होती आणि शिकवणारा मला "आजी, आता सेकंड" म्हणायचा. मी त्याच्यावर खूप चिडले, पण लायसन्स पहिल्या फटक्यात काढलं.

एसटीची पायरी यांना चढवत नाही. आमच्या गावात रिक्षा मिळाली तर मिळाली. म्हणजे हे घराबाहेर पडणार ते गाडीनेच, आणि गाडी चालवणार मी. पुण्याच्या आमच्या मुलाला, निखिलला, हे मान्य नव्हतं. मी एकदा फाटकाचा खांब घासला होता, तेव्हापासून तो गाडी विकायच्या मागे होता. त्यानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. शेवटी आमचं ठरलं की मी एक मोठा प्रवास सुखरूप करून दाखवायचा. जमलं तर गाडी राहील, नाही जमलं तर तो येऊन घेऊन जाईल.

कोल्हापूर यांनी निवडलं. तिथे यांची मावसबहीण आहे, आणि जवळच हुपरी आहे. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला हुपरीचे चांदीचे पैंजण द्यायचे, आणि ते स्वतः बघून निवडायचे, असं हे म्हणाले. तीन वर्षांत यांनी बाहेर जाऊन काही करायचं बोलून दाखवलं ते हे पहिलंच, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

गुरुवार, आंबा घाट

निघताना दोन बारीक गोष्टी झाल्या. माझ्या औषधांच्या डब्यातला ड्रॉपर सापडेना. मी सगळं घर डोक्यावर घेतलं. हे ओट्यावर बसून समोरच्या माडाकडे बघत होते. दुसरी गोष्ट म्हणजे क्लचचं पेडल सहा महिने दाबलं की कुरकुरायचं, ते त्या दिवशी एकदम गप्प होतं. "बघा, शहाण्यासारखं वागतंय आज," मी म्हटलं. हे हसले. मला वाटलं चांगला शकुन आहे.

घाटात गाडी लोण्यासारखी चालली. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. मी तर स्वतःवरच खूश होते. वर आल्यावर एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं यांना गाडीतच कप आणून दिला आणि मला विचारलं, "घाट तुम्हीच चढवलासा?" मी हो म्हटल्यावर त्यानं आपल्या बायकोला बाहेर बोलावून मला दाखवलं. आमच्या कोकणात अशी दखल घ्यायची पद्धत नाही. आमच्याकडे लोक पडद्याआडून बघतात आणि चार दिवसांनी तिसऱ्याकडे बोलतात.

घाटमाथ्यानंतर लाल माती संपली आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. ट्रॅक्टरवर कर्णे लावलेले, मागे डोंगराएवढा ऊस. एकाला ओलांडायला मला पाच किलोमीटर लागले. ड्रायव्हरनं शेवटी हात बाहेर काढून "जावा की वं वैनी, किती वाट बगायची!" असं ओरडून सांगितलं तेव्हा गेले.

यांच्या मावसबहिणीला सगळे अक्का म्हणतात. मूळची आमच्याच गावची, पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या शेतकरी घरात दिलेली. शहर संपून ऊस सुरू होतो त्या कडेला तिचं घर, मागे गोठा आणि सात म्हशी. तिच्यातली रत्नागिरी आता शोधूनही सापडत नाही. आम्ही दारात गाडी उभी केली तर आतून आवाज आला, "आलो, आलो! हात धुऊन येतो, थांबा!" इथल्या बायका स्वतःबद्दल असंच "आलो, गेलो" बोलतात. नवखा माणूस आता कोण बाप्या बाहेर येतोय म्हणून बघत बसतो.

जेवायला ज्वारीची भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी आणि सुरीनं कापावं असं दही. आमच्याकडे पाहुण्याला "अजून थोडं घ्याल?" असं विचारतात आणि तो नको म्हणेल अशी सोय ठेवतात. अक्का आधी वाढते आणि मग विचारते. मी खर्डा बोटाच्या टोकावर घेतला आणि तांब्याभर पाणी प्यायले.

शुक्रवार, अक्काचं अंगण

सकाळी अशी थंडी होती की मी दोन स्वेटर चढवले. यांच्या हातापायाला रोज खोबरेल तेलानं मालीश करते. घरच्या नारळांचं, घाण्यावरचं तेल, दोन बाटल्या बरोबर आणल्या होत्या. आमच्याकडे पौषातसुद्धा ते फार तर गढूळ होतं. इथे बाटली उलटी केली तरी थेंब पडेना, पांढरंफटक गोठलेलं. अक्कानं हसून ती चुलीच्या कडेला ठेवली, तेव्हा कुठे मालीश झालं.

मग हुपरीला जायचं म्हणून गाडीत बसलो. चावी फिरवली, क्लच दाबला. जड लागला. गिअर टाकला, पाय हळूहळू उचलला, तर पेडल माझ्या पायाबरोबर वर येईना. पाय वर आणि पेडल मध्येच. गाडी जागची हलेना म्हणून मी जरा रेस दिली, आणि त्याच वेळी पेडल सुटलं. गाडीनं पुढे उडी मारली आणि बंद पडली. समोर अक्काची दुधाची किटली होती. ती आडवी झाली आणि पाच-सहा लिटर दूध अंगणभर पसरलं.

मिनिटाभरात गल्ली गोळा झाली. "क्लचप्लेट गेली." "न्हाय रं, गिअरबॉक्स हाय." "वैनी, हँडब्रेक सोडला हुतासा न्हवं?" एक आजोबा तर टायर दाबून बघत होते. अक्कानं मांजराला हाक मारली आणि मला म्हणाली, "मांजराचा सण झाला की!"

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "क्लचवर... पाय... ठेवून चालवतेस तू."

घाटात मी एकदाही पाय ठेवला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. पण यांनी तीस वर्षं गाडी चालवलेली आणि माझं लायसन्स अजून कोरं करकरीत. फार लागलं मला ते.

अक्काच्या पुतण्यानं एका मोठ्या, काचेच्या गॅरेजचा पत्ता दिला. तिथे पोहोचेपर्यंत शहराच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास गेला, आणि गंमत म्हणजे तोवर पेडल पूर्ण सुतासारखं झालं. तिथल्या माणसानं गाडी फिरवून आणली, काहीच सापडलं नाही, तरी अख्खा क्लच बदला, गाडी चार दिवस सोडा, म्हणाला. दुसऱ्या एका ठिकाणी मेकॅनिकनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि यांना विचारलं, "मॅडम चालवतात का? मग सवयीचं असणार." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. खोटं बोलणं मला जमत नाही, सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आई, आज किटली होती. उद्या कुणाचं पोर असेल." रविवारी सकाळी तो येणार, आम्हाला भाड्याच्या गाडीनं घरी पोहोचवणार आणि आमची गाडी पुण्याला नेणार, असं ठरलं. हे सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पैंजण?" मी म्हटलं, "बसनं जाऊ की."

शनिवार, बसथांबा आणि दुधाची वेळ

शनिवारी सकाळी कुणी बघायच्या आत मी एकटीच गाडीत जाऊन बसले. अंगणाचा पुढचा भाग मोकळा असल्याची खात्री केली. पेडल पुन्हा तसंच, दाबायला जड आणि वर यायला नाखूश. मी चप्पल काढून, अनवाणी, अगदी हलक्या पायानं दाबून पाहिलं. तरी तेच. पण कालचं यांचं वाक्य डोक्यात इतकं बसलं होतं की मला वाटलं, माझ्या पायातच काहीतरी खोट असणार.

दहा वाजता आम्ही हुपरीच्या बससाठी थांब्यावर उभे राहिलो. बस आली. मी यांचा उजवा पाय पायरीवर ठेवला. डावा काही उचलेना. कंडक्टरनं घंटी न वाजवता वाट पाहिली. आतून दोन पैलवानासारखी माणसं खाली उतरली. "पावणं, काळजी करू नका, उचलून सीटवर ठिवतो की!" एक म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, खरोखर उचललंच असतं त्यांनी. हे हसून म्हणाले, "राहू दे... पुढची घेऊ." पुढची बस आली तेव्हा हे थांब्याच्या कट्ट्यावरून उठलेच नाहीत. आम्ही रिक्षानं घरी आलो. दुपारभर हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते, गाडीकडे पाठ करून.

मी तीन वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन रडले. अक्का चुलीपाशी होती. तिनं समजूत बिमजूत काही घातली नाही. म्हणाली, "दस्तगीरला सांगतो. दुधाला येतोय न्हवं सांजच्याला."

कोल्हापुरात दूध पिशवीतून घेणं कमीपणाचं मानणारी माणसं अजून आहेत. म्हशीसमोर उभं राहून, आपल्या डोळ्यांदेखत काढलेलं घ्यायचं. दस्तगीर मिस्त्री त्यातले. चारच्या सुमाराला आले, साठीचा माणूस, डोक्याला मफलर, हातात पितळी लोटा. त्यांच्या वडिलांपासूनचं गॅरेज आहे, नाक्याच्या मागे, पाटी नाही. अक्कानं त्यांना गाडी दाखवली. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि विचारायला लागले.

"कवापासनं हाय ह्ये?"

"कालपासून. परवा घाट चढून आलो तेव्हा काही नव्हतं."

"सकाळच्याला धरतंय का सांजच्याला?"

"सकाळी. अर्धा-पाऊण तास चालली की मोकळं होतं."

"आवाज?"

"आधी कुरकुरायचं. निघालो त्या दिवशी बंद झालं."

इथे त्यांनी मान वर केली. "आपोआप बंद झालं?"

"आपोआप."

हे खुर्चीत जरा हलले असं मला आता आठवतं. तेव्हा लक्ष दिलं नाही.

असा माणूस मी खूप दिवसांनी पाहिला. चौतीस वर्षांत मी बरेच डॉक्टर पाहिले. त्यातले जे चांगले होते ते पेशंटला हात लावायच्या आधी असेच विचारत बसायचे. सकाळी ताठ आणि दुपारी मोकळं, हे गाऱ्हाणं तर मी संधिवाताच्या शेकडो बायकांकडून ऐकलं होतं. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र माझं डोकं चाललं नाही.

"चालू करून दाखवू?" मी विचारलं.

"आता नगं. आता ती हसतीया. रडताना बगायची. उद्या उजाडायला येतो. माझ्या आधी कुणी चावी लावायची न्हाय." लोटा उचलून ते गोठ्याकडे गेले.

मी सांगितलं की उद्या मुलगा गाडी न्यायला येतोय. ते थांबले. "न्यायला म्हंजे?" मी म्हटलं, "विकायला." त्यांनी यांच्याकडे पाहिलं, यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि लोटा घेऊन गोठ्यात शिरले.

रविवार, उजाडताना

साडेसहाला हजर. कानटोपी, त्यावर मफलर, हातात बॅटरी आणि एकच पान्हा. उसावर धुकं बसलेलं होतं. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गार हाय. झाक."

मग मला आत बसवलं, चप्पल काढायला लावली, आणि स्वतः उघड्या दाराशी जमिनीवर आडवे झाले, पेडलला डोळे लावून. इंजिन बंदच. "दाबा. सोडा. पाय पार काढा." मी पाय काढला. पेडल तिथेच राहिलं, आणि मग एखादा म्हातारा खुर्चीवरून उठतो तसं हळूहळू वर आलं.

"बगितलंसा? तुमचा पाय वर, आन् पेडल खाली. पायाचा काय संबंध?"

मिस्त्री यांच्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण हे तिथेच काठी धरून उभे होते.

त्यांनी पायाखालची चटई ओढून काढली, ती अडकत नाही ना पाहिलं. पेडलची स्प्रिंग बघितली. मग बॉनेट उघडून क्लचची केबल गिअरबॉक्सच्या टोकाला सोडवली. तिथला दांडा हातानं ढकलला, तो खाटकन परत आला. "क्लच झकास हाय. प्लेट, बेरिंग, सगळं. म्हंजे दुखणं ह्या दोरीत हाय." केबलच्या आवरणावरच्या एका बारीक नटावर त्यांनी बॅटरी मारली. "आन् ह्ये बगा वैनी. प्लेट झिजली की ह्यो नट फिरवत जावं लागतंय. अजून सगळे आटे शिल्लक हायत. जे पाय ठिवून चालवत्यात, त्यांचे आटे कवाच संपत्यात. तुमचा पाय सोन्याचा हाय."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. दोन दिवस मी माझ्याच पायाकडे चोराकडे बघावं तशी बघत होते.

मिस्त्रींनी केबलचं वरचं टोक धरून ओढून पाहिलं. ती नळीत अडकत सरकत होती. टोकाशी त्यांनी नखानं काहीतरी खरवडलं. पांढरं, मऊ, मेणासारखं. दोन बोटांत चोळलं तर ते वितळलं. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि एकदम एवढ्या मोठ्यानं हसले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"काय वं पावणं! गाडीच्या डोस्क्याला तेल लावून आंघोळ घालताय व्हय?"

त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं. मला वास घ्यायचीही गरज नव्हती. आमच्या घाण्याचं तेल मी झोपेत ओळखीन. कोकणात दाराच्या बिजागरीपासून देवाच्या समईपर्यंत सगळ्याला आम्ही हेच तेल घालतो. आमच्याकडे ते वाहतं म्हणून घालतो. कोल्हापूरच्या थंडीत ते केबलच्या नळीत रोज सकाळी थिजत होतं आणि इंजिन तापलं की वितळत होतं.

मी वळून पाहिलं. यांची मान खाली होती. स्वेटरच्या खिशातून यांनी माझा ड्रॉपर काढला.

"बुधवारी... तू झोपली होतीस. दुपारी." एकेक शब्द येत होता. "कुरकुरायचं. तुझा... गुडघा दुखतो. वाटलं... हलकं होईल दाबायला."

एका हातानं यांनी बॉनेट उघडलं होतं, काठीनं टेकू दिला होता आणि थेंब थेंब तेल त्या केबलमध्ये सोडलं होतं. किती वेळ लागला असेल देव जाणे. मला कळू दिलं नाही.

"आणि मी... तुझ्याच पायाला... नावं ठेवली."

मी रागावणार होते. खरंच रागावणार होते, किटलीभर दूध आणि दोन दिवसांची झोप गेली होती. पण तो ड्रॉपर बघून राग कुठे गेला कळलं नाही. मी यांचा हात धरला आणि तशीच उभी राहिले. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उगाचच काहीतरी शोधत होते.

मग म्हणाले, "ह्या केबलला आतनं गुळगुळीत नळी असती. तिला तेल लागतच न्हाय. वैनी, गरम पाणी मिळंल?"

बंब पेटलेलाच होता. गोठ्याच्या खुंटीला केबल उभी टांगली. माझ्या डब्यात मोठी सिरिंज होती. मी म्हटलं, "हे काम माझं." कानातला मळ काढायला जसं कोमट पाणी सोडतात तसं मी वरून कढत पाणी सोडत गेले आणि खालून पांढरं, मग तेलकट, मग स्वच्छ पाणी आलं. मिस्त्री म्हणाले, "गॅरेजला याल काय वं वैनी कामाला?" कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन त्यांनी केबलमध्ये हवा मारून आणली, उन्हात घटकाभर ठेवली आणि परत बसवली. घरी गेल्यावर नवी घाला, तोवर ही दगा द्यायची नाही, असं बजावलं. पेडल दाबलं. टक्कन वर आलं, आणि कुरकुरलं.

मजुरी त्यांनी रीतसर घेतली. वर काही द्यायला गेले तर हात मागे घेतला. "त्यापरास त्या तेलाची बाटली द्या. बायकूच्या केसाला. आमच्यात डोस्क्यालाच लावत्यात." मी दुसरी, न उघडलेली बाटली त्यांच्या पान्ह्याशेजारी ठेवली.

तेव्हाच हे म्हणाले, "फोन... लाव. निखिलला." यांनी तीन वर्षं फोनवर कुणाशीही बोलायला नकार दिला होता, शब्द अडकतात म्हणून लाज वाटायची. मी फोन लावून कानाशी धरला. तो बसमध्ये होता, कराडच्या आसपास.

"निखिल," हे म्हणाले. "गाडी... विकायची नाही. चूक... माझी होती. आईची... नाही." पलीकडून त्याचा आवाज आला, "बाबा, मग मी येऊ की परत जाऊ?" हे म्हणाले, "ये. पैंजण... बघायला ये."

दुपारी आम्ही हुपरीला गेलो. मी चालवत होते, हे शेजारी, निखिल मागे. त्यानं एकदाही हवेत ब्रेक दाबला नाही, याबद्दल मी त्याचीही आभारी आहे. हुपरीत घरोघरी पैंजणांचं काम चालतं. ओसरीवर बायका मांडी घालून घुंगरू जोडत बसलेल्या असतात. एका घरात यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि समोर पंधरा-वीस जोड मांडले. हे प्रत्येक जोड उचलून कानाशी नेऊन हलवत होते. तासभर लावला. घरधनीण कंटाळली नाही. "बगू दे की निवांत, नातीचं हाय," म्हणाली. शेवटी यांनी सगळ्यात बारीक आवाजाचा निवडला.

सोमवार, परत

निखिल सकाळच्या बसनं पुण्याला गेला. आंबा घाट उतरताना ऊन वाढलं आणि स्वेटर मागच्या सीटवर गेले. प्रत्येक वळणाला क्लच दाबला की कुरकुर. हे ऐकत होते.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"नाही," हे म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "गुडघा... दुखतोय?"

"दुखतोय."

घरी पोहोचलो, दिवा लावला. रोजच्यासारखी मी तेलाची बाटली घेऊन यांच्या शेजारी बसले. तेल पुन्हा पाण्यासारखं पातळ झालं होतं. यांनी उजव्या हातानं बाटली माझ्याकडून घेतली, दातांनी बूच काढलं आणि म्हणाले, "पाय... पुढे कर."

तीन वर्षं मी यांना तेल लावते आहे. त्या संध्याकाळी यांनी एका हातानं माझ्या डाव्या गुडघ्याला लावलं.